जुनी, जपलेली बास गिटार हातात आली की: पहिल्या महिन्याची कामं

साठ वर्षं जुनी, मूळ रंगाची, मूळ पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बास गिटार घरात आली की पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी करायची हुक्की येते. पॉलिश मारून ती चकचकीत करायची, तारा बदलायच्या आणि खरखरणारा पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखालचा भाग) काढून नवा टाकायचा. तिन्हींची घाई महागात पडते. वितळवलेलं जुनं सोल्डर, घासून गेलेला लॅकरचा थर, कचऱ्यात टाकलेला गंजका स्क्रू परत आणता येत नाही. इतकी वर्षं यांना कुणी हात लावला नाही, म्हणून तर अशा वाद्याला मोल आहे. म्हणून खालची कामं ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करा: आधी बघणं, मग मोजणं, मग पुसणं, आणि पाना-सोल्डरची गरज पडलीच तर सगळ्यात शेवटी.

बहुतेक तपशील फेंडरच्या प्रिसिजन (१९५१ पासून) आणि जॅझ बास (१९६० पासून) यांना धरून आहेत, कारण पुढच्या बहुतांश इलेक्ट्रिक बास याच बांधणीवर बेतलेल्या आहेत. रिकनबॅकर, गिब्सन, हॉफ्नर या कंपन्यांच्या बास जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

१. केस (गिटारची पेटी) लगेच उघडू नका

वाद्य थंडीतून किंवा लांबच्या प्रवासातून आलं असेल तर बंद केस रात्रभर खोलीत राहू द्या. जुन्या वाद्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. तापमान एकदम बदललं की खालचं लाकूड आणि वरचा कडक थर वेगवेगळ्या वेगाने आकुंचन-प्रसरण पावतात आणि लॅकरला केसासारखे बारीक तडे जातात. साठ वर्षं टिकलेला थर असा पाच मिनिटांत तडकू शकतो.

केस उघडल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर केस ओलीत राहिली आहे असं समजा आणि ब्रिजचे (तारांच्या खालच्या टोकाचा धातूचा आधार) स्क्रू, जॅक, पिकअप जास्त बारकाईने तपासा. केसचा छोटा कप्पा पूर्ण रिकामा करून बघा. पिकअपवरची आणि ब्रिजवरची क्रोमची झाकणं, त्यांचे स्क्रू, जुना पट्टा, फोमचे तुकडे असं बरंच काही तिथे सापडतं. ही झाकणं वाजवताना हाताला अडतात म्हणून लोक काढून ठेवत आणि मग हरवत. सापडली तर एकाच पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा.

मग फोटो: पुढून, मागून, हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) दोन्ही बाजूंनी, नेक प्लेट (नेक बॉडीला जोडणारी मागची धातूची पट्टी), ब्रिजचं प्रत्येक सॅडल (तार टेकते तो तुकडा), तारा खुंट्यांवर कशा गुंडाळल्या आहेत ते. पुढे कधी काही काढलंत तर परत कसं बसवायचं हे या फोटोंवरूनच कळेल.

२. वय ठरवणं

नुसत्या अनुक्रमांकावर विसंबू नका. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत फेंडरचा अनुक्रमांक नेकमागच्या चौकोनी प्लेटवर असायचा. या प्लेट कारखान्यात डब्यात पडलेल्या असत आणि हाताला येईल ती लावली जाई, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे गिटार नंतरची असं ठाम म्हणता येत नाही. शिवाय प्लेट चार स्क्रूंवर असते, म्हणजे दुसऱ्या गिटारची लावणंही सोपं. आकड्यावरून दोन-तीन वर्षांचा पट्टा ठरवायचा आणि खात्री बाकीच्या खुणांवरून करायची.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा आधी. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा. त्याआधीच्या बासवर एकच सरळ पिकअप असतो. मेपलवर रोझवूडचा फिंगरबोर्ड १९५९ पासून दिसू लागतो. सुरुवातीच्या जॅझ बासवर एकावर एक बसवलेल्या दुहेरी नॉबच्या दोन जोड्या असत. १९६२च्या सुमारास तीन सुटे नॉब आले. विकणारे ‘प्री-सीबीएस’ म्हणतात ते जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर घेतली त्याआधीच्या मालाला. त्या तारखेला कारखाना काही रातोरात बदलला नाही, त्यामुळे एकट्या या शब्दाला फार महत्त्व देऊ नका.

आतली सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पॉटवरचा आकडा. जॅझ बासवर त्यासाठी धातूची कंट्रोल प्लेट उचलावी लागते, प्रिसिजनवर तारा सैल करून पिकगार्ड (बॉडीवरचा पातळ प्लास्टिकचा पत्रा). पॉटच्या पाठीवर किंवा कडेला छापलेले अंक दिसतील. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढे चार अंक असतील तर दोन वर्षाचे आणि दोन आठवड्याचे. म्हणजे ३०४६३२० हा पॉट स्टॅकपोलने १९६३च्या विसाव्या आठवड्यात बनवला. जुन्या सहा अंकी छापात वर्षाचा फक्त शेवटचा अंक असतो. गिटार या तारखेच्या आधीची असू शकत नाही, नंतरची असू शकते, कारण पॉट घाऊक येत आणि पडून राहत. १९६६चे पॉट पुढच्या वर्षांच्या वाद्यांत सर्रास दिसतात. आकडा सोल्डरच्या थेंबाखाली अर्धा झाकलेला असेल तर अर्धाच वाचा. वाचण्यासाठी सोल्डर काढलंत तर मूळ जोड गेला, आणि तो जोड त्या आकड्याहून मोठा पुरावा होता. मूळ जोड राखाडी, थोडे मंद असतात. एखादाच जोड आरशासारखा चमकत असेल तर तिथे नंतर कुणीतरी काम केलं आहे.

पिकगार्डचे स्क्रू काढताना एक पुठ्ठा घ्या, त्यावर पिकगार्डचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. परत बसवताना स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसल्यासारखा वाटेल: तिथे लाकडातला जुना आटा सुरू होतो. आता सुलटा फिरवा, दोन बोटांच्या जोराने जाईल. ही सवय नसली की दर वेळी नवा आटा पडतो आणि चार-पाच खेपांत भोक निकामी होतं.

१९५९ ते १९६४च्या दरम्यानचे कासवपाठी नक्षीचे पिकगार्ड सेल्युलॉइडचे आहेत आणि ते वर्षानुवर्षं आकसत जातात. एखादा स्क्रू वाकडा, ताणलेला दिसेल, कडेला भेग असेल. असा पिकगार्ड काढलात तर परत बसवताना भोकं जुळणार नाहीत, आणि ओढून जुळवायला गेलात तर तो मोडेल. त्यामुळे अशा प्रिसिजनवर पॉटचा आकडा बघायचा मोह सोडा, किंवा ते काम जाणत्या कारागिराकडे न्या.

नेकच्या टाचेवरची (बॉडीच्या खाचेत बसणारं टोक) तारीख बघण्यासाठी नेक काढावी लागते. विकत घेण्याआधी शंका असेल तरच काढा, आणि विकणाऱ्याच्या संमतीने. तारा पूर्ण सैल करायच्या, चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे काढायचे, नेक सरळ वर उचलायची. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची नाही. खाचेच्या कडेचं लॅकर टवक्यासकट येतं. खाचेत कागदाचा किंवा फायबरचा पातळ तुकडा सापडला तर तो नेकचा कोन जुळवण्यासाठी कारखान्यातच ठेवलेला असू शकतो. आहे तिथेच परत ठेवा. १९६२ पासून टाचेवर शिक्का असतो, उदाहरणार्थ ‘७ जुलै ६३ ए’ अशा अर्थाचा. इथला ७ बरेच जण दिवस समजतात, पण तो मॉडेलचा क्रमांक आहे: ७ जॅझ बास, ५ प्रिसिजन. शेवटचं अक्षर नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) नेक किती रुंद ते सांगतं: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी म्हणजे पावणेदोन.

रंग मूळ आहे का हे बघायला अतिनील टॉर्च घ्या आणि खोलीत अंधार करा. जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं उजळतं. मधेच एखादा पट्टा काळपट किंवा वेगळ्या छटेचा दिसला तर तिथे नंतर रंग लागला आहे. दुसरी खूण पिकगार्डखाली असते. सुमारे १९६४ पर्यंत रंग देताना बॉडी खिळ्यांवर टेकवत आणि शेवटी खिळे काढत, म्हणून त्या बारीक भोकांत कोरं लाकूड दिसायला हवं. भोकात रंग उतरला असेल, किंवा भोकंच बुजलेली असतील, तर बॉडी पुन्हा रंगवलेली आहे. फेंडरने १९६८च्या सुमारास जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या बासचा थर काचेसारखा जाड असणं गैर नाही.

३. वीज तपासणी, सोल्डरिंग गनशिवाय

एक कॉर्ड जॅकमध्ये घाला, कॉर्डच्या दुसऱ्या प्लगच्या टोकावर आणि बाहेरच्या नळीवर मल्टिमीटर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा. प्रिसिजनवर साधारण १० ते १२ किलोओम यायला हवेत. जॅझ बासवर एक व्हॉल्यूम पूर्ण आणि दुसरा शून्यावर ठेवून मोजा: एकेका पिकअपचे ७ किलोओमच्या आसपास. दोन्ही पूर्ण उघडले की आकडा निम्म्यावर येतो, कारण पिकअप समांतर जोडलेले आहेत. त्याने घाबरून जाऊ नका. आकडा शंभर किलोओमच्या वर गेला तर मीटर कॉइल (पिकअपमधली गुंडाळलेली तार) मोजत नाही, पॉटचाच रोध मोजतोय. म्हणजे कॉइल कुठेतरी तुटली आहे. केसाहून बारीक तांब्याची तार घामाने आणि दमटपणाने हिरवी पडून तुटते. पिकअप फेकू नका. चांगला कारागीर कधी कधी टोकाशीच तुटलेली तार जोडून देतो, नाहीतर त्याच चौकटीवर नवी तार गुंडाळतो.

पिकअपची लोहचुंबकं बोटाने खाली दाबू नका. जुन्या फेंडर पिकअपमध्ये तार थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते. चुंबक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी आतला वेढा तुटू शकतो, आणि पुष्कळ चांगले पिकअप याच चुकीने गेले आहेत.

पॉट खरखरला तर तो टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. बहुतेकदा साठलेली धूळ आणि काजळी एवढ्यानेच निघते. राहिलीच तर पायांजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा पुरतो, पण खाली कापड धरा. तो लॅकरवर आणि सेल्युलॉइडवर उडता कामा नये. जॅक सैल असेल तर बाहेरून नट आवळताना आत जॅकही फिरतो आणि तार पिळवटून तुटते. प्लेट उचलून आतून जॅक धरा, मग आवळा.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावून ऐका. हात लावल्यावर कमी झाली तर सगळं ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालून येणाऱ्या अर्थ वायरचा संपर्क गंजाने गेला आहे. जॅझ बासवर एकटा पिकअप गुणगुणतोच, तो त्याचा स्वभाव. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना मात्र ती गुणगुण विरायला हवी, कारण दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. तरी राहिली तर एखादा पिकअप बदललेला किंवा चुकीचा गुंडाळलेला असण्याची शक्यता मोठी.

४. पुसणं

मऊ सुती कापड कोरडं, मग गरज पडली तर ते किंचित ओलं करून घट्ट पिळलेलं. निम्म्याहून जास्त वाद्यांना एवढंच पुरतं. चिकटपणा राहिला तर शुद्ध नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते इंधन, कापडावर दोन थेंब घेऊन. आधी नेक प्लेटजवळच्या न दिसणाऱ्या जागी करून बघा, खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत नको. स्पिरिट, अॅसिटोन आणि थिनर नायट्रो लॅकर विरघळवतात. सिलिकॉन असलेलं फर्निचर पॉलिश तड्यांतून लाकडात जातं आणि पुढे कधी दुरुस्तीचं लॅकर तिथे धरत नाही. तडे असलेल्या भागावर कुठलाच द्रव ओतू नका.

रोझवूडच्या फिंगरबोर्डवरचा मळ जुन्या मऊ टूथब्रशने कोरडा काढा, मग खनिज तेलाचे दोन थेंब पूर्ण बोर्डाला, दहा मिनिटांनी पुसून कोरडं. वर्षातून एकदा पुरे. मेपलच्या बोर्डावर लॅकर असतं, त्याला तेल लावू नका. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चमकवायला लोखंडी काथ्या वापरायचा झाला तर आधी पिकअप टेपने झाकून टाका, नाहीतर लोखंडाची भुकटी चुंबकांना कायमची चिकटते.

ब्रिजच्या झाकणाखाली फोम असेल तर तो आता काळा डांबरासारखा झालेला असण्याचा संभव आहे. तो ओलावा धरून ठेवतो आणि सॅडल गंजवतो, म्हणून तो काढा आणि पिशवीत घालून ठेवा. गंजलेल्या सॅडल स्क्रूला टूथपिकने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब, आणि २४ तास वाट. अमेरिकन बासचे स्क्रू इंचाच्या मापाचे आहेत. मिलिमीटरची अॅलन की जवळपास बसते आणि तेवढ्यानेच आतले कोपरे खाऊन टाकते.

५. तारा

लावलेल्या जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने वेढलेल्या, गुळगुळीत) तारा सुरात लागत असतील तर राहू द्या. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन याचा १९६२च्या प्रिसिजनवरचा आवाज अशाच वर्षानुवर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंडचा आहे. जुन्या बासकडून बहुतेकांना हवा असतो तो गोल, बोथट ठोका नव्या करकरीत तारांवर मिळत नाही.

बदलायच्याच असतील तर एकेक करून बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. ३४ इंची (नट ते ब्रिज तारेची लांबी) बासवर ४५ ते १०५च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) चार तारा मिळून सुमारे ८० किलोचा ताण देतात. जुन्या नेकला त्याहून जाड संच लावू नका. गिब्सनच्या ईबी मालिकेची लांबी साडेतीस इंच, हॉफ्नर ५००/१ची तीस, त्यांना शॉर्ट स्केलचाच संच लागतो. तार कापताना खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर जास्त मोजा, तिथे काटकोनात वाकवा आणि वाकवल्यावरच बाकाच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरचं वेढण आतल्या गाभ्यावर सैल सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन-तीन वेढे खालच्या दिशेने उतरत गेले पाहिजेत; त्याने नटवर तार दाबून बसते.

६. नेकचा बाक आणि तारांची उंची

तारा सुरात असताना मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाडी तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबलेली, आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती). ०.३५ मिलिमीटर ही चांगली जागा. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर. क्रमही हाच ठेवायचा: बाक, मग उंची, मग इंटोनेशन (पूर्ण नेकवर सूर खरा लागणं). उलटं केलंत तर तीच कामं दोनदा करावी लागतात.

जास्त बाक असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक जुळवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी एक अष्टमांश फेरा. मग सूर लावून एक दिवस थांबा, कारण लाकूड उशिरा ऐकतं. जुन्या फेंडरवर रॉडचं नट नेकच्या टाचेत असतं आणि तिथे पोचण्यासाठी नेक सोडवावी लागते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या जॅझ बासवर ते हेडस्टॉकपाशी गोळीच्या आकाराचं आहे आणि नेक तीन स्क्रूंवर. पाव फेऱ्यात काहीच हललं नाही, किंवा नट दगडासारखं अडलं, तर तिथेच थांबा. रॉड तुटला तर फिंगरबोर्ड उचकटल्याशिवाय तो निघत नाही. रिकनबॅकर ४००१ मध्ये दोन रॉड आहेत आणि जुन्या बनावटीत आधी नेक हाताने वाकवून धरायची असते, मग नट फक्त टेकवायची. नट आवळून नेक सरळ करायला गेलात तर फिंगरबोर्डच सुटून येतो, म्हणून ते काम पहिल्या वर्षात करूच नका.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. तारा जुन्या असतील तर दोन्ही कधीच पूर्ण जुळणार नाहीत. जवळ आणून सोडून द्या. वरच्या फ्रेटवर सूर थरथरल्यासारखा वाजत असेल तर पिकअप तारांच्या फार जवळ आहे आणि चुंबक तारेला ओढतंय. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली सव्वातीन, बारीक तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

७. ठेवायचं कसं

४५ ते ५५ टक्के आर्द्रता, आणि केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर. तारा सुरात किंवा अर्धा सूर उतरवून ठेवा. पूर्ण सैल केलेली नेक हळूहळू मागे वाकते. स्टँडचं रबर आणि फोम नायट्रो लॅकरशी रासायनिक प्रक्रिया करतात आणि एका आठवड्यात काळा, चिकट डाग पडतो, म्हणून टेकण्याच्या जागी जाड सुती कापड बांधा. उन्हाची तिरीप पडणारी भिंत टाळा. १९७६च्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरेपासून पुढच्या अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बास महिनाभर पडून राहणार असतील तर ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा. गळलेल्या बॅटरीने अख्खं सर्किट खाल्लेली वाद्यं कमी नाहीत.

८. कारागिराकडे आणि परदेशात

फ्रेट बदलणं, तुटलेली कॉइल, अडलेला रॉड, गिब्सनचा तडकलेला हेडस्टॉक ही कामं घरी करू नका. वाद्य देताना कागदावर लिहून द्या: लॅकरला हात नाही, घासकाम नाही, नवं भोक नाही, काढलेला प्रत्येक भाग परत हवा. रोज वाजवायला वेगळा ब्रिज किंवा खुंट्या हव्या असतील तर जुन्याच भोकांत बसणाऱ्या घ्या आणि मूळ भाग तारीख घालून केसमध्ये ठेवा.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ फेंडर फिंगरबोर्डचं लाकूड ब्राझिलियन रोझवूड आहे. हे झाड १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये बाकीच्या रोझवूडच्या तयार वाद्यांना सूट मिळाली, याला मिळालेली नाही. असं वाद्य विकायला किंवा विकत घेऊन सीमेपार न्यायचं असेल तर दोन्ही देशांचे परवाने आधी काढा, आणि नेकच्या शिक्क्याचे, पॉटच्या आकड्याचे फोटो अर्जाला जोडा. वय सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.